पुंजामायची मूठ

फार वर्षांपूर्वी, पूर्णेवर पूल नव्हता आणि पाणी ओसरलं की माणसं पायीच नदी ओलांडायची, तेव्हाची ही गोष्ट. नदीच्या अलीकडे बोरटेक, पलीकडे निंभोरी. दोन्ही गावांत सोयरीक होती, देवघेव होती आणि भांडणही होतं. भांडण मधल्या वाळूवरून. त्या वाळूत डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लागत, आणि तिथलं डांगर असं गोड की खाणाऱ्याच्या ओठांना मुंग्या लागायच्या, असं म्हणतात. मग यंदा वाळू कोणाची, याचा निवाडा संक्रांतीच्या जत्रेत बुक्क्यांनी व्हायचा. दोन्ही गावांचा एकेक जवान उतरायचा आणि एकाला उठता येईनासं होईपर्यंत लढत चालायची. सकाळी तीळगूळ देऊन गोड बोला म्हणायचं आणि दुपारी त्याच तोंडाचे दात पाडायचे! पण रीत म्हटली की शहाणी माणसंसुद्धा डोकं घरी ठेवून येतात.

बोरटेकात पुंजाबाई नावाची बाई राहायची. नवरा मागेच गेलेला. लोकांच्या गाद्या आणि वाकळा शिवून तिनं दोन पोरं वाढवली. थोरला श्रावण एका संक्रांतीला वाळूत उतरला आणि कानशिलावर बुक्की बसून आडवा झाला. उठला तो आपली माय कोण, हे विसरूनच उठला. मग तो ओट्यावर बसून राहायचा. भरवलं तर खायचा, नाही तर तसाच. गावानं त्याला वीर म्हटलं आणि उन्हाळ्यात डांगरांची एक पाटी विकत घेऊन घरी पोचवली. पुंजाबाईनं ती गुरांपुढे रिकामी केली.

काही वर्षांनी नारू पाटलानं धाकट्या उकर्ड्याचं नाव पुकारलं. पोरगा हरखला. मायच्या पायाखालची वाळू सरकली.

"नको जाऊ रे बाप्पा," ती म्हणाली.

"मा, नाही गेलो तं लोक मले बांगड्या भरतीन."

ती पाटलाकडे गेली. पाटील वाईट माणूस नव्हता, नुसता पाटील होता. म्हणाला, "रीत हाये, पुंजाबाई. म्या मोडली तं गाव मले मोडीन."

"मोडू नका. मुठीवर कापूस बांधा."

पलटणीतून परतलेल्या एका शिपायानं कधी तरी पारावर सांगितलं होतं, की छावणीत जवान हाताला कापूस भरलेल्या पिशव्या घालून बुक्क्या खेळतात आणि खेळ झाला की आपापल्या पायांनी जेवायला जातात. लोक ते ऐकून विसरले. पुंजाबाईच्या डोक्यात मात्र 'आपापल्या पायांनी' एवढंच घर करून बसलं होतं.

पाटलाला पटलं. निंभोरीलाही पटलं. आणि मग खरी पंचाईत झाली, पिशव्या शिवायच्या कोणी? बोरटेकनं शिवल्या तर निंभोरीकर म्हणणार, यांनी आपल्या पोराच्या मुठीत गोटे भरले. निंभोरीनं शिवल्या तर बोरटेककर तेच म्हणणार. दोन्हीकडचे जाणते वाळूत बसून दिवसभर भांडले. तिसऱ्या गावचा शिंपी आणू म्हणाले, तर तो कोणाचा तरी साडू निघाला. शेवटी कंटाळून ठरलं, जाऊ द्या, उघड्या मुठीच बऱ्या.

तेव्हा पुंजाबाई बायांमधून उठली आणि पदर सावरत मधोमध जाऊन उभी राहिली.

"निंभोरीच्या पोराची मूठ मी शिवतो."

एकच गलका झाला. बोरटेकचाच एक म्हातारा ओरडला, "बाई, त्यायच्या पोराचं तू कायले शिवतं?"

"ते मूठ बसणार कोणाच्या गालावर? माह्या उकर्ड्याच्या. अन् उकर्ड्याची मूठ तिकडच्या पोराच्या मायनं शिवावं. आपल्या लेकराच्या गालावर बसणाऱ्या मुठीत कोणती माय गोटा भरीन?"

भांडायला आलेल्या माणसांना भांडणच उरलं नाही. आणि निंभोरीच्या बायांतून आवाज आला, "मी शिवतो!" ती होती सईतरा, निंभोरीकडून उतरणाऱ्या जागोची माय.

दुसऱ्या दिवशी पुंजाबाई माप घ्यायला नदी ओलांडून गेली. जागो दारात मावेना. त्यानं मूठ पुढे केली, ती वरवंट्याएवढी. बाईनं माप दोनदा घेतलं. सईतरानं गूळपाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तुह्या पोराचा हात कसा हाये व?"

"हलका हाये," पुंजाबाई खोटं बोलली.

"माह्या पोराचाही हलकाच," सईतराही खोटं बोलली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि डोळ्यांत पाणी असताना दोघी हसल्या.

घरी येऊन पुंजाबाईनं कापूस पिंजला. एकही सरकी राहू नये म्हणून बोटांनी चाचपून वेचला. भरला, दाबला, पुन्हा भरला. घरातला कापूस संपला तशी तिनं अंगावरची वाकळ उसवली आणि तीही आत घातली. अख्ख्या घराचा कापूस त्या दोन मुठींत मावला, तरी मायला वाटे अजून थोडा हवा, असं म्हणतात. मग ती मुठी घेऊन निंभोरीला गेली, जागोच्या हातांवर बांधल्या आणि म्हणाली, "मार माह्या गालावर."

जागोचा हात उठेना. एवढा थोराड गडी, पण रडकुंडीला आला.

"मार रे बाप्पा. मले सोसलं तं माह्या पोराले सोसन."

त्यानं डोळे मिटून मारली. बाई दोन पावलं मागे गेली, गाल चोळला आणि म्हणाली, "आणखी एक मूठ कापूस लागते." तो सईतरानं आपल्या उशीतून काढून दिला.

संक्रांतीला जत्रेत गर्दी उसळली नुसती. दोघे वाळूत उतरले तेव्हा लोक पोट धरून हसले, कारण दोघांच्या हातांना जणू भोपळे लागले होते. मग पहिली बुक्की बसली, धप्प! पुंजाबाईनं डोळे गच्च मिटले. बाजूला सईतरा होती, तिनंही मिटले. कोणी ओरडलं नाही, कोणी पडलं नाही. डोळे उघडले तर उकर्डा आपल्या पायांवर उभा होता आणि नाक पुसून पुन्हा पुढे जात होता.

उन्हं कलली तरी लढत चालूच. शिवणी उसवल्या, कापूस उडाला, आणि इतका उडाला की वाळू पांढरीशुभ्र झाली आणि बगळे आपलीच जात समजून खाली उतरले, असं म्हणतात. शेवटी जागोच्या एका बुक्कीनं उकर्डा पाठीवर पडला. पुंजाबाई धावत गेली आणि त्याच्या डोक्याशी बसली. त्यानं डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं.

"मा, भूक लागली."

बाईच्या जिवात जीव आला. ती रडली, हसली, आणि पदरातला तीळगूळ दिसेल त्याला वाटत सुटली. वाळू निंभोरीकडे गेली होती, बोरटेकचे लोक तोंडं पाडून उभे होते, आणि हरलेल्याची माय वाटतेय तीळगूळ! मग पाटलानंही मुकाट्यानं हात पुढे केला. उकर्डा आपल्या पायांनी घरी गेला आणि पाच भाकरी जेवला. श्रावण मात्र बरा झाला नाही. गोष्टीत कितीही मीठमिरची लावली तरी हे कोणी खोटं सांगत नाही. पण त्यानंतर त्या वाळूवरून कोणत्याही मायनं आपलं पोर खाटेवर नेलं नाही.

आता नदीवर पूल आहे आणि वाळूत डांगर लावणारे थोडेच उरलेत. संक्रांतीला दोन्ही गावांची बॉक्सिंगची स्पर्धा मात्र होते. रिंग असते, पंच असतात, ग्लोव्हज दुकानातून येतात आणि पोरीही खेळतात. इथले खेळाडू पार राज्याच्या संघापर्यंत पोचलेत. जुन्या खेळाडूंचा, त्यांना शिकवणाऱ्यांचा सत्कार याच दिवशी होतो, पण पहिलं साडी-नारळ आदल्या वर्षी हरलेल्याच्या मायला. आणि ग्लोव्हज बांधण्याची रीत तीच. पंच पुकारतो, "लाल कोपऱ्याची पुंजामाय!" मग त्या पोराची माय उठते, समोरच्या कोपऱ्यात जाते, आपल्या लेकराला मारणाऱ्याचे ग्लोव्हज बांधते, एकदा स्वतःच्या गालावर दाबून बघते आणि म्हणते, "हं, सोसन." तोवर घंटा वाजत नाही.

कधी एखाद्या पोराला माय नसते. पंच पुकारतो आणि कोणीच उठत नाही. मग समोरच्या कोपऱ्यातली बाई म्हणते, "थांबा, याची पुंजामाय मीच हावो." आणि आपल्याच पोराचे ग्लोव्हज ती गालावर दाबून बघते, जरा जास्तच वेळ.