येसूची वाटी

हां हां, पाव्हणं, त्या खड्ड्यात बूट ठेवू नका. खड्डा नाही तो, वाटी आहे. येसूची वाटी. घाट चढून दमलात, मान्य आहे, पण टेकायला आख्खं पठार पडलंय की. या इकडं, छपराखाली बसा, चहा घ्या. आलं जरा जास्त लागेल. त्याचं नंतर सांगतो.

आता नीट बघा. कातळ सगळा खरबरीत आणि ही वाटी तेवढी हाताला गुळगुळीत. छिन्नीचा घाव कुठं दिसतोय? नाही दिसायचा. ही कुणा पाथरवटानं घडवलेली नाही. बैलांनी चाटून चाटून केली, असं सांगतात. परवा एका साहेबांनी विचारलं, बैलांना काय कातळ चाटायचं वेड लागलं होतं का? म्हटलं, बसा, सांगतो.

डांबरी रस्ता नव्हता, तेव्हा कोकणातलं मीठ याच वाटेनं वर देशावर यायचं. बैलांच्या पाठीवर गोण्या आणि बरोबर लमाणांचा तांडा. पहाटे खालून निघाला की उन्हं डोक्यावर आल्यावर इथं पोचायचा. माणसं घामानं निथळत असायची. आणि बरोबर या जागी येसूचं खोपट होतं. तिचा नवरा सटवाजी बैलांना पाणी दाखवायचा, ती माणसांना जेवू घालायची. नाचणीची भाकरी आणि कुळथाचं कालवण. जाताना ज्यानं त्यानं मूठभर मीठ ठेवून जायचं, असा रिवाज होता.

त्यामुळं घरात मीठ मुबलक. पण कालवण खारट व्हायचं ते त्यामुळं नव्हे. घाट चढलेल्या माणसाचं मीठ घामावाटे निघून जातं, त्याला कालवण खारंच गोड लागतं, हे तिला ठाऊक होतं. ती त्यांच्या जिभेचा विचार करून मीठ घालायची. लमाण बोटं चाटत जेवायचे. मरण व्हायचं ते सटवाजीचं! तो दिवसभर सावलीत बसणारा माणूस. रोज पहिला घास घेतला की तोंड वाकडं करून म्हणायचा, "येसू, आज पण हात सुटला का गं?"

आणि ती चुलीपासनंच म्हणायची, "घाट उतरून चढून या, मग गोड लागेल."

चाळीस वर्षं हेच. एक दिवस चुकला नाही म्हणे.

मग येसू गेली. ताप आला आणि तीन दिवसांत आटोपलं. सटवाजी रडला नाही, नुसता भिंतीला टेकून बसला. आमच्यात सुतक असेपर्यंत अळणी रांधतात, मिठाचा खडा चुलीकडं फिरकू देत नाहीत. सून होती त्याची, ठकू. ती अळणी पेज पुढं ठेवायची आणि म्हातारा वाटी सरकवायचा. तिला वाटलं, दोन दिवस चालेल असं. पाच झाले, आठ झाले. घोटभर पाण्यावर माणूस किती तग धरणार? पोरगा चिडला, वाडीतल्या जाणत्यांनी समजावलं, पण तो तोंडातनं शब्द काढेना. बाराव्या दिवशी त्याला उठून बसताही येईना. येसूच्या मागोमाग हाही निघाला, असं लोक उघड बोलायला लागले. ठकूनं ते ऐकलं आणि ती रात्रभर म्हाताऱ्याच्या उशाशी बसून राहिली. आईविना वाढलेली पोर ती, या दोघांनीच तिला लेकीसारखं वागवलं होतं.

तेरावा उजाडला. तुमच्याकडं तेराव्याला तोंड गोड करतात ना? आमच्याकडंही तेव्हा तसंच होतं. लापशी झाली, भाकरी झाल्या, कालवण झालं. तांडाही मुद्दाम चढून आला होता. घरच्या वडीलधाऱ्यानं पहिला घास घ्यायचा, मग पंगत जेवायची आणि त्याच्याआधी कुणी चव बघायची नाही, असा दंडक.

ठकूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिनं मीठ घातलं आणि विसरली. इतके दिवस अळणी रांधायची सवय, घातलंच नसेल म्हणून परत घातलं. ती भाकरीकडं वळली तोवर मदतीला आलेल्या शेजारणीलाही तेच वाटलं. तिनं वर आणखी मूठ टाकली. झालं!

सटवाजीला दोघांनी धरून पंगतीत आणलं. लापशी त्यानं सरकवली. ठकूनं कालवणात बुडवलेला भाकरीचा तुकडा त्याच्या ओठाशी नेला. "मामंजी, एवढा एकच. आत्याबाईंसाठी घ्या."

सुनेचे डोळे बघून त्यानं तोंड उघडलं. घास आत गेला आणि म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालं. मग तेरा दिवस मुका बसलेला माणूस चुलीकडं वळून खणखणीत म्हणाला, "येसू, आज पण हात सुटला का गं?"

चुलीकडनं उत्तर आलं नाही. येणार कुठनं? ते म्हाताऱ्याच्या ध्यानात आलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला. ठकूनं कालवणात बोट बुडवून चाटलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात तांड्याचा म्होरक्या सोमला नाईक, वीस वर्षं येसूच्या हातचं जेवलेला, डोळे पुसत म्हणाला, "सटवाजीबाबा, घाट उतरून चढून या, मग गोड लागेल!"

म्हातारा रडता रडता हसला. तो हसला तशी पंगतही हसली. मग काय, ज्याला त्याला येसू आठवायला लागली. एकाच्या पायातला काटा काढताना ती त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडली होती. एकाच्या बैलाला ती नवऱ्याच्या नावानं शिव्या द्यायची. पाणी पीत, नाकं ओढत लोकांनी ते कालवण संपवलं. सटवाजीनं तर दुसऱ्यांदा मागून घेतलं.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला असं सांगतात. रोज तांडा यायच्या वेळेला मूठभर मीठ या कातळावर ठेवायचा, चढून आलेल्या बैलांसाठी. त्याच्या मागं ठकूनं ठेवलं, मग तिच्या लेकीसुनांनी. बैल चाटत राहिले, वाटी होत गेली.

आजही आमच्या वाडीत तेराव्याला तोंड गोड करत नाहीत, खारं करतात. खारं हे आपलं नुसतं म्हणायला. गेलेल्या माणसाच्या हातनं जे बिघडायचं, ते त्या दिवशी मुद्दाम तसंच बिघडवायचं आणि हसत खायचं. कुणाची भाकरी एका अंगानं करपायची, कुणाच्या भाताचा गोळा व्हायचा. नीटनेटकं केलंत तर सोयरे रुसून उठतात. आणि आजही घाट चढून आलेला माणूस वाटीत चिमूटभर मीठ ठेवतो. बरणी तिथं आहे, जाताना तुम्हीही ठेवा.

हां, चहाचं राहिलंच. मघापासनं तुमची तोंडं बघतोय मी. आलं फार झालंय ना? आमच्या मंडळींचा हात हा. तीस वर्षं भांडलो तिच्याशी, अगं, गिऱ्हाईक पळतं म्हणून. मागल्या माघात गेली. तेराव्याला सबंध वाडीनं नाकाडोळ्यांतनं पाणी गाळत हाच चहा प्याला. तेव्हापासनं मलाही दुसरा करता येत नाही. घ्या, अजून अर्धा कप घ्या. तोंड वाकडं करायचं तर खुशाल करा, तिला सवय आहे.