खडपवाडीतलं अंधारातलं लग्न

वरचं दीपगृह तुम्ही बघालच, पण जाता जाता आमच्या खडपवाडीची घरंही बघा. समुद्राकडे एकाही घराला खिडकी नाही. मी सुपारीच्या व्यापारासाठी इथे आलो, दुकान बांधलं आणि समुद्राकडे झकास खिडकी ठेवली. फुकटचा वारा कोण सोडतो? दुसऱ्या दिवशी गावातल्या चार बायका चहाला म्हणून आल्या आणि ही हकिगत सांगून गेल्या. संध्याकाळी मी गवंड्याला परत बोलावलं.

सरकारी दीपगृह होण्याच्या कितीतरी आधी टोकावर नुसता दगडी चौथरा होता, असं सांगतात. अंतोबा नावाचा गृहस्थ रोज तिन्हीसांजेला तिथे उंडीच्या तेलाचा मोठा दिवा लावी. खाली पाण्यात खडपं आहेत, म्हणजे बुडलेले कातळ, करवतीच्या दातांसारखे. किनाऱ्यावरचा तो एकुलता उजेड डाव्या हाताला धरायचा आणि खाडीत शिरायचं, एवढंच तारवं चालवणाऱ्यांना ठाऊक.

अंतोबाला एकच लेक, येसू. तिचं लग्न घाटावरच्या मुलाशी ठरलं, गोरज मुहूर्तावर. सासर लांबचं, लेक पुन्हा कधी दिसेल कोण जाणे, म्हणून बापाने हौसेने मांडवभर दिव्यांच्या माळा लावल्या. टोकावरचा दिवाही वेळेवर लावून आला. चूक झाली ती मायेपोटी, म्हणून कुणाच्या ध्यानातच आली नाही.

अंतरपाट धरला आणि येसूची नजर समुद्राकडे गेली. एका तारवाने मांडवाचा लखलखाट डाव्या हाताला धरला होता आणि ते थेट खडपांवर निघालं होतं.

"बाबा, तारू चुकलं!" असं म्हणत ती पाटावरून उतरली आणि हातानेच दिवे मालवू लागली.

"अगबाई! भर मांडवात दिवे विझवते?" वरमाय कडाडली. "ही आमच्या घरात काय उजेड पाडणार? उठा रे, बैल जुंपा!"

अंतोबा नुसता हात जोडून उभा. येसू थांबली नाही. "मोडलं तर मोडू दे," म्हणाली म्हणे, "त्यांचीही कुणी वाट बघत असेल."

पण माळा उंच, तिचा हात पोचेना. नवरदेव पाटावरून उठला. सगळ्यांना वाटलं, निघाला. त्याने मुंडावळ्या कानामागे सारल्या आणि वरची माळ ओढून खाली घेतली.

"आई, बैल राहू देत. आधी तुझ्या हातातला दिवा दे."

वरमाय क्षणभर घुटमळली. मग तिने स्वतःच पदराच्या वाऱ्याने तो मालवला.

टोकावर एकटा दिवा उरला. शीड डगमगलं, हळूहळू वळलं आणि खाडीच्या तोंडाला लागलं. मंगलाष्टकं अंधारातच झाली. अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या, देव जाणे.

आजही खडपवाडीत लग्न गोरजालाच लागतं आणि मंगलाष्टकांपुरते मांडवातले सगळे दिवे मालवतात, विजेचेसुद्धा. बाहेरगावचं वऱ्हाड बावरतं, बायका एकमेकींचे हात धरतात. तेव्हा मागून कुणीतरी म्हातारी हटकून म्हणते, "घाबरू नका हो. समुद्रावरची माणसं घरी जातायत."