चाक धरून

"तीन रस्ते आहेत, आप्पा. तुम्ही सांगा, त्यातला सगळ्यात देखणा कुठला?"

सुदर्शन आरवाडेनं अंगणात पाय ठेवता ठेवताच हे विचारलं. चहापाणी, तब्येतपाणी, सगळं राहिलंच.

हरिपूरच्या त्या अंगणात आप्पा मगदूम सायकल उलटी उभी करून साखळीला तेल देत होते. सांगलीत ज्याला म्हणून शर्यतीची सायकल येते, त्याला ती बहुधा आप्पांनीच शिकवलेली. सुदर्शनही त्यातलाच. एके काळी घाटाच्या शर्यतीत त्याच्यापुढं कुणी जात नसे, आणि ही गोष्ट गाव विसरलं तरी तो विसरला नव्हता. पन्नाशी उलटली, कारखाना मुलाच्या हाती गेला, पण छाती अजून तशीच पुढं.

"कुठले रस्ते?" आप्पांनी मान वर न करता विचारलं.

सुदर्शननं ओट्यावर नकाशे पसरले.

"हा डॅन्यूब नदीच्या काठाकाठानं. हा स्वित्झर्लंडचा, तळ्यांच्या कडेनं. आणि हा इटलीतला. टेकड्या, द्राक्षांचे मळे..."

"द्राक्षं बघायला इटलीला? तासगावला एसटी जाती की."

सुदर्शन हसला, पण मनापासून नाही.

"चेष्टा नको, आप्पा. ह्या वेळी चुकून चालणार नाही. आणि युरोपातले रस्ते तुमच्याशिवाय विचारायचे कुणाला?"

ते खरं होतं. तरुणपणी आप्पा आणि मिरजेचा दस्तगीर मुल्ला, दोघं सायकलवरून इराण-तुर्कस्तान ओलांडून पार युरोपात जाऊन आले होते. त्यांची तेव्हा सांगलीत मिरवणूक निघाली होती. दस्तगीर वारून आता बरीच वर्षं झाली.

"चुकलं तर काय हुईल?"

सुदर्शन नकाशाची घडी उगीचच सारखी करत म्हणाला,

"वैजयंती येत नाही म्हणते."

"मग एकटा जा."

"तिनं सायकल विकायला काढलीय, आप्पा. परवा एक गिऱ्हाईक बघूनही गेलं... सायकल एकदा गेली, की ही पुन्हा माझ्याबरोबर सायकलीवर बसायची नाही. मी ओळखतो तिला."

आप्पांचा तेलाचा हात थांबला.

"कोकण दाखवलं. केरळ दाखवलं. श्रीलंकेत चहाच्या मळ्यांतनं नेलं. बायकोला कोण नेतं हो एवढं? आणि ती म्हणते काय... मला सगळे रस्ते सारखेच दिसतात."

हे वाक्य त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. बायको भांडली असती तर त्यानं दोन शब्द ऐकवले असते. पण ती भांडली नव्हती. भाजी निवडता निवडता सहज बोलली होती.

"म्हणून म्हटलं, आता असा रस्ता काढायचा की तिला नाही म्हणताच येऊ नये."

आप्पांनी सायकल सुलटी केली. फडक्याला हात पुसले.

"ती चालवती कशी?"

"कोण, वैजयंती? छान चालवते. चाक धरून चालवते. मी पुढं, ती मागं. तुम्हीच नाही का शिकवलं?"

शिकवलं होतं खरं. पुढच्यानं वारा अंगावर घ्यायचा आणि मागच्यानं त्याच्या आडोशाला, त्याच्या चाकापासून वीतभर अंतर राखून चालवायचं. मागच्याचे निम्मे कष्ट वाचतात. फक्त नजर पुढच्या चाकावरून हलवायची नाही. हलली की चाकाला चाक लागतं आणि मागचा तोंडावर आपटतो.

"वारा सगळा माझ्या अंगावर घेतो," सुदर्शन म्हणाला. "तिला कष्ट म्हणून पडू देत नाही." आणि ह्याचा त्याला अभिमान होता.

आप्पांनी पायात चपला सरकवल्या.

"चल, नदीच्या घाटापर्यंत जाऊन येऊ. माझं चाक धर."

"मी? तुमच्या मागं?"

"वीतभर. जास्त न्हाई."

सुदर्शननं नकाशे खिशात घातले. त्याची महागडी सायकल आणि आप्पांची ती जुनाट, कुरकुरणारी. आप्पांचा वेग तर असा, की भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या बाईनं त्यांना मागं टाकलं असतं. रस्त्यात दोघातिघांनी "काय आरवाडे, दमला काय?" म्हणून हटकलंही. सुदर्शनचे कान तापले. पण आप्पांचा शब्द. तो दात-ओठ खात, वीतभर अंतर राखत चालवत राहिला.

म्हातारा मधेच वेग धरी, मधेच सोडी. नजर हलवायची सोय नव्हती.

संगमाच्या घाटावर आप्पा उतरले. समोर कृष्णा आणि वारणा एकमेकींत मिसळत होत्या. हिवाळ्यातलं कोवळं ऊन पाण्यावर पडलं होतं.

"काय काय बघितलंस?"

"काय म्हणजे... चिंचेची झाडं..."

"ती तुला लहानपणापास्नं ठावं हाईत. आज काय बघितलंस?"

सुदर्शननं आठवून पाहिलं. चिंचांना चिंचा लागल्या होत्या की नाही, तेही त्याला सांगता येईना.

"तुमची टाच," तो शेवटी म्हणाला. "डावी. भेगा पडल्यात. आणि चपलेचा पट्टा नव्यानं शिवलाय."

ह्यावर आप्पा हसतील असं त्याला वाटलं होतं. आप्पा हसले नाहीत. पायरीवर बसले आणि पाण्याकडं बघत राहिले...

"दस्तगीरच्या बुटाला मागल्या अंगाला ठिगळ हुतं," ते म्हणाले. "निळं. त्याच्या आईच्या जुन्या साडीचं. तुर्कस्तानात उसवलं, तवा दाभण घेऊन त्यानंच शिवलं. वाकडं शिवलं. पुढं परत येईस्तवर तसंच वाकडं."

"आणि युरोप?"

"चांगला असंल की. दस्तगीर सांगायचा."



"दस्तगीर सांगायचा? आप्पा, आमच्या शाळेत येऊन तुम्ही ते बर्फाचे डोंगर, त्या नद्या... आम्ही पोरं तोंडात बोट घालून ऐकत होतो!"

"त्यानं रात्री जेवताना मला सांगितलं, ते मी तुमाला सांगितलं."

"म्हणजे तुम्ही..."

"मी बारीक. तो पैलवान गडी. म्हणायचा, वारा लई हाय, माझ्या पाठीला लागून चल. मायेनं म्हणायचा. मीबी चाललो."

"राग नाही आला तुम्हाला त्याचा?"

"राग?" आप्पांचा आवाज खाली गेला. "आज मला कुणी त्यो बर्फाचा डोंगर दाखवतो म्हणालं, तर मी म्हणंन, ऱ्हाऊ दे बाबा. ते ठिगळ तेवढं एकदा दाखीव."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे टिपले. लपवायचा प्रयत्न केला नाही.  इतकी वर्षं जवळ राहून सुदर्शननं म्हाताऱ्याच्या डोळ्यांत कधी पाणी पाहिलं नव्हतं.

"वाईट वाटलं ते एकदाच," आप्पा म्हणाले. "मिरवणूक झाली, सत्कार झाला. कुणीतरी दस्तगीरला इचारलं, आप्पा कसा चालवतो हो सायकल? ह्यानं तोंड उघडलं... आन् तसाच उभा ऱ्हायला. त्याला सांगताच येईना. एवढी दुनिया बघून आला. मी तेवढा त्याला दिसलो न्हवतो."

घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं.

सुदर्शन आठवू लागला. वैजयंती सायकल कशी चालवते?

श्रीलंकेतली आठवेना. केरळातली आठवेना. कोकणात एका चढावर ती मागून काहीतरी ओरडली होती, आणि त्यानं मागं न बघताच "दम धर, आलंच" म्हटलं होतं. ती काय ओरडली होती?

आठवली ती थेट कॉलेजातली. विश्रामबागेतून गावभागाकडं निघालेली, पाठीवर एक लांब वेणी, हँडलला वह्यांची पिशवी. ती सायकल रमतगमत चालवी. कुणाच्या दारात मांडव दिसला की तिचा वेग कमी होई. शेवंतीवाल्यापाशी हमखास मान वळे. उतार आला की पायडल सोडून दोन्ही पाय लांब करी आणि आपल्याशीच हसे. जिल्ह्यातला सगळ्यात वेगवान पोरगा तेव्हा रोज तिच्या मागून, मुंगीच्या पावलानं, घंटी न वाजवता जात असे. पुढं जायचं त्याच्या मनातही येत नसे.

मग लग्न झालं, आणि कधीतरी तो पुढं गेला. नेमका कधी, ते काही त्याला आठवेना.

त्यानं खिशातून नकाशे काढले. थोडा वेळ हातात धरले. त्याची छाती आता तेवढी पुढं राहिली नव्हती.

आप्पा उठले. सायकलवर टांग टाकून परत निघायच्या बेतात होते.

"पण आप्पा..." त्यानं घाईनं विचारलं. "तिला काहीतरी सांगावं तर लागेलच. ह्या तिन्हींतला रस्ता कुठला धरू?"

आप्पांनी मागं वळून त्याच्याकडं पाहिलं.

"कुठलाबी धर... तू मागं ऱ्हा."