निर्दोष, सीलबंद

एकदा एका बंदराच्या गावात एक गृहस्थ राहत होता, आणि त्याच्यापाशी दोनशे चौदा जहाजं होती. त्यांतलं एकही जहाज अजून जहाज झालेलं नव्हतं. सगळी खोक्यांत होती.

ज्यांना हा छंद ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाजारात किट मिळतं. त्यात खऱ्या जहाजाची हुबेहूब छोटी प्रतिकृती असते, पण सुट्या तुकड्यांत. तुकडे प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले असतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे. सोबत एक पातळ कागद येतो. तो पाण्यात भिजवला की त्यावर छापलेली नावं आणि आकडे सुटतात, ते अलगद जहाजावर सरकवायचे. दोन-तीन महिन्यांचं काम आहे. विकत घ्यायला मात्र पाच मिनिटं पुरतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

या गृहस्थाचं नाव भालचंद्र तांडेल. नगरपालिकेच्या पाणी खात्यात नोकरी, वय बावन्न, स्वभावाने टापटिपीचा. किटं वाढत गेली तशी त्याने जाड पुठ्ठ्याची एक वही घातली. क्रमांक, जहाजाचं नाव, प्रमाण, कधी घेतलं, कुठून घेतलं, कोणत्या कपाटात, कितव्या फळीवर. शेवटचा रकाना होता ‘अवस्था’. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच मजकूर होता: निर्दोष, सीलबंद. अक्षर असं की छापल्यासारखं.

एवढं करूनही एके दिवशी त्याच्या लक्षात आलं, की एकाच ओढबोटीचं किट आपण तीनदा घेतलं आहे. तो फार अस्वस्थ झाला. वहीत काहीतरी उणं आहे, असं त्याच्या मनाने घेतलं, आणि तो वही काखेत मारून मिस्त्रींकडे गेला.

मिस्त्री म्हणजे गोदीत चाळीस वर्षं लाकडाचे साचे घडवून निवृत्त झालेले एक वृद्ध. मॉडेल बांधण्यात त्या किनाऱ्यावर त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भालचंद्रने तुकडे कसे घासावेत हे त्यांच्याकडेच शिकून घेतलं होतं आणि सरावासाठी म्हणून, वहीत न घेतलेल्या, अकरा किरकोळ बोटी बांधल्या होत्या. तो त्यांना काका म्हणे.

“काका, पसारा हाताबाहेर चाललाय,” तो म्हणाला. “तुम्ही नोंद कशी ठेवता ते दाखवा.”

मिस्त्री उठले आणि फडताळातून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. प्रत्येक किटमध्ये एखाद-दुसरा तुकडा जास्तीचा येतो. जहाज पुरं झालं की त्यांतला एक तुकडा ते या डब्यात टाकत. त्यांनी बोटाने तीन तुकडे बाजूला केले. “ही शिडी शाळेला दिलेल्या गलबताची. ही खिडकी आगबोटीची. आमच्या हिला माहेरी तीच बोट नेत असे. हा भोंगा एका डॉक्टरीणबाईंच्या गोदीवाल्या वडिलांसाठी केलेल्या बोटीचा.”

“पण यात क्रमांक कुठेत?” भालचंद्र म्हणाला.

“नाहीत बाबा,” मिस्त्री म्हणाले. “आण तुझी वही.”

त्यांनी चष्मा लावला आणि वही पहिल्यापासून वाचली. घाई म्हणून केली नाही. मधे चहा आला, निवला. वाचून झाल्यावर ते म्हणाले, “अक्षर सुंदर आहे. यातलं तुला सगळ्यात जवळचं कोणतं?”

भालचंद्रने पहिल्या पानावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. क्रमांक एक. मालवाहू जहाज, तुंगा.

त्या जहाजाची हकिगत त्याने मिस्त्रींना सांगितली; ती इथेही सांगायला हवी. भालचंद्रचे वडील तुंगावर बावीस वर्षं खलाशी होते. एकोणीस वर्षांपूर्वी भालचंद्रला हे किट एका दुकानात अचानक सापडलं. तशाच बांधणीच्या डझनभर जहाजांची नावं सोबतच्या कागदावर छापलेली होती आणि त्यांत तुंगाही होतं. तो खोकं घेऊन धावतच घरी आला. वडिलांनी झाकणावरच्या चित्रावरून हात फिरवला आणि ते म्हणाले, “अरे भालू, ही तर आमचीच. बांध की.” भालचंद्र म्हणाला, “बांधतो बाबा. आधी जरा हात बसू दे. ही बिघडवून चालायची नाही.”

हात बसावा म्हणून त्याने दुसरं किट आणलं. मग तिसरं आणलं. तुंगाचं खोकं वरच्या फळीवर गेलं. वडील सुरुवातीला दर दिवाळीला विचारत, पुढे विचारीनासे झाले. आता ते एक्याऐंशीचे होते आणि त्यांना काचबिंदू होता. नजर दोन्ही बाजूंनी आकसत आली होती. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. डॉक्टरांनी भालचंद्रला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वर्षभर टिकेल असं वाटत नाही. हे त्याला माहीत होतं. तरी त्या महिन्यात त्याने आणखी दोन किटं घेतली. माणूस असं का करतो हे मला विचारू नका; मीही केलेलं आहे.

“पुढच्या रविवारी ते घेऊन ये,” मिस्त्री म्हणाले.

रविवारी भालचंद्रने खोकं टॉवेलात गुंडाळून आणलं. मिस्त्रींनी ते मांडीवर घेतलं, निरखून पाहिलं, हत्यारांच्या पेटीतून पातळ पातं काढलं आणि झाकणाच्या चारी कडांवरून सरळ फिरवलं. भालचंद्रच्या तोंडून शब्द फुटायच्या आत सील खाली पडलं होतं.

“काका, काय केलंत हे,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता.

 मिस्त्रींनी आतून नावांचा कागद काढला. तो दुधावरच्या सायीसारखा पिवळा पडला होता. त्यांनी कात्रीने ‘तुंगा’ एवढंच कापलं आणि समोरच्या वाटीतल्या पाण्यात सोडलं. थोडा वेळ काही झालं नाही. मग अक्षरं कागदावरून सुटली, आणि सुटता सुटताच त्यांचे तुकडे तुकडे झाले. पाण्यावर नुसता पांढरा चुरा तरंगत राहिला.

भालचंद्र त्या वाटीकडे पाहत राहिला. मग त्याला संताप आला. “एकोणीस वर्षं जपलं मी हे,” तो म्हणाला. “नख लागू दिलं नाही. तुम्ही एका क्षणात वाटोळं केलंत.”

“मी फक्त खोकं उघडलं,” मिस्त्री म्हणाले. “कागद आधीच गेला होता. मला तशी शंका होती, म्हणूनच उघडलं. तुझ्या वहीत काय लिहिलंय? निर्दोष. हे कधी लिहिलंस?”

“घेतलं त्या दिवशी.”

“त्यानंतर कधी पाहिलंस?”

“सील कसं तोडणार, काका?”

मिस्त्रींनी पातं पुसून पेटीत ठेवलं. मग ते सावकाश बोलू लागले. “भालचंद्र, तुझ्या वहीत चूक एकच आहे, आणि ती दोनशे चौदा वेळा झालेली आहे. शेवटच्या रकान्यात तू जहाजाची अवस्था लिहिलेली नाहीस. सीलची लिहिली आहेस. हात लावला नाही तर वस्तू आहे तशी राहील, असं तू धरून चाललास. पण बंद खोक्यातही वर्षं सरतातच. आणि हात बसायची वाट पाहत होतो म्हणतोस, तर ऐक. मी चाळीस वर्षं लाकूड घडवलं, आपला हात बसला असं मला एकदाही वाटलं नाही. पुढ्यातलं काम करायचं, एवढंच कळलं. तुझी वही मी ओळ न् ओळ वाचली. प्रत्येक खोकं कितव्या फळीवर आहे ते तीत सापडतं. आता मला सांग, हे जहाज ज्यांच्यासाठी घेतलंस त्यांची अवस्था कोणत्या रकान्यात लिहिली आहेस?”

 डोळे भरून आले तेव्हा भालचंद्रने टॉवेल उचलला, तोंड पुसलं आणि खोकं काखेत घेऊन तो घरी गेला.

त्याच संध्याकाळी त्याने वडिलांच्या खाटेजवळ, खिडकीखाली टेबल मांडलं. रोज कामावरून आला की तो तिथे बसे. वडील शेजारी खुर्ची ओढून बसत आणि एकेक तुकडा डोळ्यांसमोर धरून पाहत. “ही डेरिक, माल चढवायची. हिच्यावर माझा अंगठा चेंगरला होता.” “ही खोली बावर्च्याची. तो मेला चहात मीठ घालायचा आणि वर हसायचा.” भालचंद्रने बावन्न वर्षांत हे काही ऐकलेलं नव्हतं. कितीतरी ठिकाणी त्याचं काम बिघडलं. डोलकाठी वाकडी बसली. डेकवर गोंदाचा डाग पडला, तो घासून निघेना. पूर्वी असं झालं असतं तर तो आठवडाभर जेवला नसता. आता थांबायला वेळ नव्हता, कारण वडील तुकडे डोळ्यांच्या अधिकाधिक जवळ धरू लागले होते.

सात आठवड्यांनी जहाज उभं राहिलं. भालचंद्रने ते वडिलांपुढे धरलं आणि मान खाली घालून म्हणाला, “बाबा, नाव तेवढं नाही. नावाचा कागद माझ्यामुळे खराब झाला. मी बांधायला उशीर केला.”

वडिलांनी जहाज इकडून तिकडे फिरवून, एकेक भाग नजरेच्या नळीत आणून पाहिलं. त्याला बराच वेळ लागला.

“कागद कशाला हवा?” ते म्हणाले. “जहाज गोदीत आलं की नाळेवरून दोरीने फळी सोडायचे आणि त्या फळीवर बसून तुंगाचं नाव मीच रंगवायचो. बावीस वर्षं. आमचा मुकादम, बोसन, दुसऱ्या कुणाला रंगाचा डबा द्यायचा नाही. ब्रश आण.”

नाळ म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. भालचंद्रने सगळ्यांत बारीक ब्रश पांढऱ्या रंगात बुडवून त्यांच्या हातात दिला आणि जहाज दोन्ही हातांनी घट्ट धरलं. वडिलांनी हात नाळेला टेकवला.  नाव इंग्रजीत लिहायचं होतं, पाच अक्षरांचं; पहिली तीन सरळ आली. चौथं खाली उतरलं. पाचव्याच्या वेळी ते थांबले आणि म्हणाले, “भालू, कड कुठे आहे ते बोट लावून दाखव.” भालचंद्रने बोट लावलं. पाचवं अक्षर त्याच्या बोटाला टेकून संपलं आणि थोडा रंग त्याच्या नखावर लागला.

“झालं,” वडील म्हणाले. “आता सुटू दे पाण्यात.”

पावसाळा संपता संपता त्यांची उरलेली नजर गेली. त्यानंतर ते रोज सकाळी जहाज मांडीवर घेत आणि नाळेवरच्या रंगाच्या उंचवट्यावरून अंगठा फिरवत.

काही दिवसांनी भालचंद्र पुन्हा मिस्त्रींकडे गेला. वही त्याने पुढे केली. मिस्त्रींनी पहिलं पान उघडलं. क्रमांक एकच्या शेवटच्या रकान्यात ‘निर्दोष, सीलबंद’ हे शब्द एका रेघेने खोडलेले होते. खाली, जरा घाईच्या अक्षरात, लिहिलं होतं: डोलकाठी वाकडी. डेकवर डाग. नाव बाबांच्या हातचं, बाबांनी पाहिलं.

मिस्त्रींनी ती ओळ दोनदा वाचली.  त्यांनी बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडलं आणि त्याच्यापुढे सरकवला.

भालचंद्रने खिशातून जास्तीचा उरलेला नांगर काढला. तांदळाच्या दाण्याएवढा होता. तो त्याने डब्यात ठेवला आणि विचारलं, “काका, दोनशे तेरा राहिली. त्यांचं काय करू?”

“ती कुणाकुणासाठी आहेत ते आधी लिही,” मिस्त्री म्हणाले. “ज्यांच्यापुढे नाव सुचणार नाही ती देऊन टाक.”

आपल्याही घरात कुठल्यातरी वरच्या फळीवर कुणाच्यातरी नावाचं एक खोकं असेल. ते खोकं, माणूस आहे तोवर, खाली काढावं.