चौथी रकात

"मतपेटी की शरीयत, शेख? प्रवचनाच्या मिंबरावर चढून सगळ्यांना एक शब्द सांगा. बाकीचं मी पाहून घेतो."

मुन्झिरने हे विचारलं तेव्हा मशिदीबाहेर त्याची बंदूकवाली पोरं उभी होती. वाळवंटाकाठच्या त्या अरबी गावातला जुलमी सुभेदार पळून गेला होता आणि उद्या मतदान होतं. त्याआधीच गावाचा अमीर, म्हणजे सत्ताधीश व्हायचं, हे मुन्झिरने मनाशी पक्कं केलं होतं. मतपेटी फोडायला फक्त गुरूचा होकार हवा होता.

शेख इद्रीस माळ ओढत राहिले.

"लोकांना काय हवंय?"

"त्यांचं काही खरं आहे का! सकाळी मत द्यायचंय म्हणतात, संध्याकाळी अल्लाहचा कायदा हवाय म्हणतात. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

"आणि तू?"

"मी धर्म शिकलोय. त्यांनी फक्त मागून यावं."

शेख उठले.

"आज मगरिबचा नमाज तू पढव."

मुन्झिरची छाती फुगली. होकार मिळाल्यातच जमा होता.

सांजेच्या या नमाजात रकाती, म्हणजे उठण्या-वाकण्याची आवर्तनं, तीनच, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. पण मुन्झिरचं चित्त मतपेटीपाशी. तिसरी संपल्यावर बसायचं, तर हा पठ्ठ्या चौथीला उभा राहिला.

"सुब्हानल्लाह!" मागून कुणीतरी म्हणालं. म्हणजे, न चुकणारा एक अल्लाहच; इमाम चुकला की त्याला असंच सावध करतात.

चूक त्याला कळली. पण आता सगळ्यांदेखत खाली बसायचं? नाक कापून घ्यायचं? तो ताठ उभा राहिला.

"सुब्हानल्लाह!" आता सगळ्या रांगा म्हणाल्या. बंदुका दाराशी ठेवून आत आलेली त्याची पोरंसुद्धा.

मग शांतता... मागे कपड्यांची सळसळही नाही. कुणीच उठलं नव्हतं.

तो खाली बसला. कसाबसा नमाज पुरा केला.

माणसं बाहेर पडताच तो शेखांवर कडाडला, "मला पुढे उभं केलंत आणि सगळे बसून राहिले! तुम्हीसुद्धा!"

"हो. मीसुद्धा."

"हा धर्म झाला?"

"हाच."

बाहेर पोरांनी बंदुका उचलल्या होत्या. हुकूम कधी सुटतो याची वाट पाहत होती. मुन्झिरने दाराकडे पाहिलं, मग गुरूकडे. त्याचा आवाज पार बसला होता.

"मग मिंबरावरून... कोणता शब्द सांगणार?"

"जो ऐकूनही तू उभा राहिलास, तो."