शिखराच्या अलीकडे

“हिला शिखर जमायचं नाही. चालताना हिचं सगळं लक्ष पायांखाली.”

फार पूर्वी, जिथे ढग अंगणात येऊन बसत अशा एका गावात, एक सासू थोरल्या सुनेच्या कानात हे सांगत होती. धाकटी, नवी नवरी, दाराआड लोकर विंचरत होती. तिने ऐकलं आणि विंचरत राहिली.

गावाची रीत अशी, की नव्या सुनेने पहिल्या उन्हाळ्यात घरच्यांबरोबर बर्फाच्या शिखरावर जाऊन एक दगड ठेवायचा. बर्फाला पाय लागल्यापासून कुणी अवाक्षर काढायचं नाही. आवाजाने बर्फ कोसळतो, म्हणून जुन्या माणसांनी घातलेला नियम. सून बोललीच, तर सगळ्यांनी माघारी फिरायचं आणि तिने पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाहुणीच राहायचं. पाहुणीला चुलीला हात लावता येत नसे.

धाकटीला पाहुणचाराचा कंटाळा आला होता. शिवाय थोरलीच्या भाकऱ्या एका बाजूने कच्च्या असत.

पहाटे चौघं स्वतःला एका दोराला बांधून निघाली. पुढे सासरे, मग सासू, मग नवरा, शेवटी ती. झाडं मागे राहिली, मग गवतही. ढग पायांखाली गेले. तिला वाटलं, आपण चालत नाही, डोंगरच आपल्याला झोपेत उचलून वर नेतोय.

शिखर अगदी समोर आलं. तेवढ्यात पायांखाली काहीतरी वाजलं, रांजणात पाणी पडावं तसं. पुढचा बर्फ निळसर होता, मधोमध जरा बसलेला. तिने दोर ओढला. नवऱ्याने हसून ‘चल, चल’ अशी खूण केली. तिने पुन्हा ओढला. सासऱ्यांनी पाऊल उचललं.

“मामंजी, थांबा. खाली पोकळ आहे.”

सासऱ्यांनी पाऊल मागे घेतलं, काठी टोचली. दुधावरची साय फाटावी तसा बर्फ फाटला. खूप खोल, अंधारात, पाणी धावत होतं.

मग सासूने डोळे पुसले.

“माघारी फिरू. घरी गेल्यावर चूल तूच पेटव. गावाला काय सांगायचं ते मी बघते.”

“पेटवते, सासूबाई. पण आता दोराच्या पुढे मी. माझ्या पावलावर पाऊल ठेवून या.”

तात्पर्य इतकंच: माणसं जपायला घातलेली रीत माणसांच्याच जिवावर उठली, तर ती वेळेवर मोडावी.