दाराच्या आतली बाजू

सकाळचे बरोबर सहा वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि सोलोमिया तिसऱ्यांदा तेच विचारत होती.

"सर, दार का उघडत नाही तुम्ही?"

आतून फक्त श्वास ऐकू येत होता... दाराला अगदी लागून कुणीतरी उभं होतं.

कॅनडातल्या त्या गावात बर्फ वितळला की नदी दरवर्षी चढायची. पण यंदा पाणी, उतू जायला आलेल्या दुधासारखं, काठाशी येऊन थरथरत होतं. बांध आठ वाजेपर्यंत टिकला तर टिकला, असं इंजिनियरने सांगितलं होतं. काठावरच्या गल्लीत सतरा घरं. सगळी म्हातारी माणसं, दुसऱ्या महायुद्धानंतर युक्रेनमधून जीव घेऊन आलेली. त्यांना बाहेर काढायचं काम नगरपालिकेने सोलोमियाला दिलं होतं. तीही त्यांच्यातलीच, फक्त जन्म इथला.

तिने रात्रभर जागून यादी केली होती. घराचा नंबर, नाव, वय, औषधं. सोबत गणवेशातले दोन पोलीस. कुठे काही चुकायला जागाच ठेवली नव्हती.

आणि तीन दारं ठोकून झाली तरी एकही उघडलं नव्हतं.

शेजारच्या परास्का आजीने तर खिडकीआडून ओरडून सांगितलं होतं, "मी मेलेय! यादीत तसं लिहून टाक आणि जा!"

म्हणून सोलोमिया चौथ्या दाराशी मोठ्या आशेने आली. हे घर प्रोफेसर ओरेस्त बिल्याकांचं. सरकारी कचेरीत कारकुनापासून सचिवापर्यंत एकतीस वर्षं, मग विद्यापीठात पोरांना कारभार कसा करावा ते शिकवलं. ती त्यांची पहिल्या नंबरची विद्यार्थिनी. ते तरी उघडतील ना!

"सर, मी सोलोमिया. ओळखलंत ना?"

"ओळखलं." आवाज अगदी बारीक आला. "बरोबर कोण आहे?"

"पोलीस आहेत. मदतीला."

"हातात काय आहे?"

"यादी."

आत काहीतरी खाली पडलं.

"माझं नाव कितवं?"

"चौथं."

"माझ्या वडिलांचंही चौथंच होतं," म्हातारा म्हणाला. "तिकडे युक्रेनमध्ये, मी सहा वर्षांचा होतो. अशीच सकाळ होती. अशीच गणवेशातली दोन माणसं, आणि एक यादीवाला. तोही आईला म्हणाला होता, घाबरू नका, मदतीला आलोय. वडील परत आलेच नाहीत."

पायरीपाशी पाणी येऊन लागलं होतं. मघाशी ते फाटकाच्या बाहेर होतं.

भीतीने माणसाला राग येतो, तसा तिलाही आला.

"सर, हे नियम तुम्हीच लिहिलेत! उजाडता उजाडता जा, गणवेशात जा, यादी घेऊन जा. तुमच्याच पुस्तकातून मी पाठ केलंय!"

"हो. एकतीस वर्षं मी ते दाराच्या बाहेर उभं राहून लिहीत होतो."

"मग?"

"आज पहिल्यांदा आतून वाचतोय."

मागे एका पोलिसाने घड्याळ पाहिलं. "बाई, दार फोडू का?" त्याने हळूच विचारलं.

आतला श्वास थांबला. पार थांबला. तापाने फणफणलेल्या लेकराच्या छातीवर कान ठेवावा आणि काहीच ऐकू येऊ नये, तशी ती हबकली.

"नको!" ती ओरडली. "तुम्ही दोघं गल्लीच्या तोंडाशी जाऊन थांबा. लांब... अजून लांब."

बुटांचा आवाज दूर गेला.

"सर, गेले ते. आता काय करू?"

"यादी दाराखालून आत सरकव."

ती घुटमळली. एकच प्रत होती. सर आणि परास्का आजी सोडून सतरातलं एकही नाव तिला पाठ नव्हतं. यादी दिली, तर ती या गल्लीत कोण? आणि वर कचेरीत काय सांगायचं?

पाणी पायरीवर चढलं.

ती गुडघ्यांवर बसली आणि कागद आत सरकवला.

"आता हातात काय आहे?"

"काही नाही, सर."

कडी सरकली.

प्रोफेसर दारात उभे होते. कोट, टोपी, पायात बूट, सगळी तयारी. हातात एक जुनी कापडी पिशवी. पिशवीच्या तोंडाशी वाळवलेल्या पावाचे तुकडे दिसत होते. तुरुंगात नेलं तर चार दिवस पुरतील असे.

"ही पिशवी कधी भरलीत?"

"सरकारी नोकरीला लागलो त्या दिवशी. पाव दर महिन्याला बदलतो."

मोठमोठे साहेब ज्यांच्या सहीची वाट बघायचे, ते सर रोज ही पिशवी दारामागे ठेवून कचेरीत जात होते...

त्यांनी यादीची घडी घालून पावाखाली ठेवली.

"चला सर, गल्लीच्या तोंडाशी गाडी आहे, तिच्यात बसा."

"नाही."

ते पाण्यात उतरले. फाटकापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले. समोरच्या खिडकीचा पडदा बोटभर हलला. मग त्याच्या शेजारचा.

"सर, पाणी वाढतंय! यादी तुमच्याकडे, नावं मला येत नाहीत. सोळा घरं मी कशी उघडू?"

प्रोफेसरांनी टोपी काढली, सगळ्या खिडक्यांना आपला चेहरा नीट दिसावा म्हणून.

"परास्काच्या दाराशी जा, पोरी. ठोकू नकोस. एवढंच सांग, ओरेस्त बाहेर आलाय आणि त्याला कुणी नेलेलं नाही... आणि तिला म्हणावं, पुढच्या दाराला हे तूच सांग."